दंडात बसवायचा वर्षभराचा ग्लुकोज सेन्सर: खर्च किती आणि सोय किती?

न्यू जर्सीत राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांचा हा प्रश्न आहे. त्यांना सोळा वर्षांपासून टाईप २ मधुमेह आहे. ते रात्री एकदा लांब पल्ल्याचे आणि जेवणाआधी तीनदा जलद इन्सुलिन पेनने घेतात. दंडावर चिकटवून शुगर सतत मोजणारा, दर दहा-पंधरा दिवसांनी बदलावा लागणारा सेन्सर ते तीन वर्षे वापरत आहेत. पण त्याच्या चिकटपट्टीने दंडावर खाज आणि पुरळ येते, आणि रात्री शुगर उतरली की फोनचा भोंगा त्यांना ऐकू न येता शेजारी झोपलेल्या पत्नीला ऐकू येतो. त्वचेखाली बसवण्याचा, वर्षभर चालणारा सेन्सर घ्यावा का, विमा धरून तो परवडेल का, आणि सांगलीत राहणाऱ्या ८२ वर्षांच्या वडिलांसाठी असे काही करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. मी अमेरिकेत मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करते, हे सेन्सर बसवते आणि काढतेही. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करते, कारण माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो असतो. सेन्सर त्वचेखाली गेला म्हणजे दंडावर काहीच दिसणार नाही, काही चिकटवावे लागणार नाही, वर्षभर त्याचा विसर पडेल, अशी समजूत असते. तसे होत नाही. आत जातो तो केवळ सेन्सर. तो वाचणारा ट्रान्समीटर बाहेर, त्याच जागेवर, चिकटपट्टीने लावावाच लागतो. नको असते ते नेमके दंडावरचे यंत्र, आणि ते याही पद्धतीत जात नाही. हे कळल्यावर काही जणांचा उत्साह तिथेच ओसरतो, आणि माझ्या मते त्यात काही चूक नाही.

अमेरिकेत या प्रकारचे एकच उपकरण मिळते, ते म्हणजे मेरीलँडमधील सेन्सिऑनिक्स कंपनीचे एव्हरसेन्स. अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, जून २०१८ मध्ये त्याच्या ९० दिवसांच्या आवृत्तीला मान्यता दिली, फेब्रुवारी २०२२ मध्ये १८० दिवसांच्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३६५ दिवसांच्या. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की आंतरजालावर वाचायला मिळणारे पुष्कळसे बरे-वाईट अनुभव पहिल्या दोन आवृत्त्यांचे आहेत. तीन महिन्यांनी दंडाला चीर देऊन घेणे आणि वर्षातून एकदा घेणे यांत फार फरक आहे, आणि बोट टोचून ग्लुकोमीटरशी सेन्सरचा आकडा जुळवण्याचे प्रमाणही मधल्या काळात बरेच कमी झाले आहे. म्हणून कोणताही अनुभव वाचताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहा.

सेन्सर म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड अशी एक नळी आहे. औषधाच्या कॅप्सूलपेक्षा बारीक. नेहमीच्या सेन्सरमध्ये एक अतिशय बारीक तार त्वचेत शिरते आणि तिच्यावरचे विकर (एन्झाइम) ग्लुकोजशी रासायनिक क्रिया करते. इथे तसे विकर नाही. नळीवर असलेल्या पदार्थाला ग्लुकोज चिकटले की त्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता बदलते, आणि नळीच्या आतला छोटा दिवा व प्रकाशमापक तो बदल टिपतात. शरीराने परक्या वस्तूभोवती सूज आणू नये म्हणून नळीवर डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचे एक वलय असते, आणि ते अतिशय अल्प प्रमाणात झिरपत राहते. सेन्सरमध्ये स्वतःची बॅटरी नाही. बाहेरचा ट्रान्समीटर त्वचेवरूनच त्याला वीज पुरवतो, दर पाच मिनिटांनी आकडा घेतो आणि ब्लूटूथने फोनला पाठवतो. ट्रान्समीटर काढला की सेन्सर झोपतो आणि त्या काळातली नोंद कुठेही साठून राहत नाही. दैनंदिन वापरातील बऱ्याच गोष्टी या एका बाबीवर अवलंबून आहेत.

ट्रान्समीटर रोज काढून चार्ज करावा लागतो. पंधरा मिनिटे पुरतात. चिकटपट्टीही रोज नवी लावायची असते. माझे बहुतेक रुग्ण हे काम सकाळच्या आंघोळीला जोडून टाकतात: ट्रान्समीटर काढायचा, चार्जरच्या पाळण्यात ठेवायचा, आंघोळ करायची, दंड नीट कोरडा करायचा आणि नवी पट्टी लावून ट्रान्समीटर पुन्हा जागेवर बसवायचा. जागा किंचित चुकली तर अ‍ॅपमध्ये सिग्नल क्षीण दिसतो; मग बोटभर वर, बोटभर खाली सरकवून पाहावे लागते. पहिल्या आठवड्यात याची चिडचिड होते, नंतर हाताला सवय लागते. मात्र ट्रान्समीटर न्हाणीघरातल्या फळीवर विसरून कामावर जाणारेही आहेत, आणि त्या दिवसाच्या आलेखात सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत कोरी जागा असते. नेहमीचा सेन्सर विसरता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. विसरभोळ्या माणसाने हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा.

बोट टोचणेही पूर्ण संपत नाही. सेन्सर बसवल्यानंतर पहिले २४ तास तो आकडा देत नाही. त्यानंतर पहिले चौदा दिवस रोज एकदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ग्लुकोमीटरचा आकडा अ‍ॅपमध्ये भरून जुळणी करावी लागते. दहा-पंधरा दिवसांच्या सेन्सरांना कारखान्यातूनच जुळवून पाठवतात, त्यामुळे तिथे हे करावे लागत नाही. आठवड्याला एक स्ट्रिप हा खर्च नगण्य आहे. पण ती जुळणी शुगर झपाट्याने चढत किंवा उतरत नसताना आणि हात स्वच्छ धुऊन करायला हवी. आंबा कापलेल्या हाताने बोट टोचले की ग्लुकोमीटर उगाच मोठा आकडा दाखवतो, आणि आठवडाभर सेन्सर त्याच चुकीच्या आकड्यावर विसंबून राहतो.

आता जमेच्या बाजूकडे येते, कारण तुमच्या दोन्ही तक्रारी नेमक्या तिथे बसतात.

पुरळ ही खरी आणि परिचित तक्रार आहे. काही सेन्सरांच्या आणि इन्सुलिन पंपांच्या डिंकात आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हा पदार्थ असल्याचे आणि त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकत असल्याचे २०१७ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. त्यानंतर काही कंपन्यांनी आपल्या पट्ट्या बदलल्या. पण ज्याची त्वचा एकदा बिघडली, त्याला दुसऱ्या डिंकांचाही त्रास होऊ लागतो, असे मी पाहिले आहे. एव्हरसेन्सच्या पट्टीची त्वचेकडची बाजू सिलिकॉनची असते आणि ती सौम्य असते. ती रोज बदलायची असल्यामुळे एकच डिंक दोन आठवडे घामात भिजून त्वचेला चिकटून राहत नाही. तरीही सिलिकॉनची पट्टी सर्वांना मानवतेच, असे मी म्हणणार नाही. सेन्सर बसवण्याआधी क्लिनिककडून चार-पाच पट्ट्या मागून घ्या, आठवडाभर त्या ट्रान्समीटरशिवाय दंडावर लावून पाहा, आणि मगच पुढे जा. ही चाचणी फुकट आहे, आणि तिने माझ्या दोन रुग्णांची प्रत्येकी एक निष्कारण चीर वाचवली आहे.

दुसरी गोष्ट ट्रान्समीटरच्या थरथरण्याची. शुगर उतरली की फोनवर इशारा येतोच, शिवाय दंडावरचा ट्रान्समीटर स्वतः थरथरतो. फोन दुसऱ्या खोलीत असला, बंद असला, किंवा कानाला नीट ऐकू येत नसले, तरी दंड हलतो. शुगर उतरल्याची लक्षणे ज्यांना जाणवेनाशी झाली आहेत, म्हणजे घाम फुटत नाही, हात कापत नाहीत, थेट गोंधळल्यासारखे होते, त्यांच्यासाठी या उपकरणाचा सर्वांत मोठा फायदा मी याच गोष्टीत मानते. तुमच्या पत्रात अशा लक्षणांचा उल्लेख नाही. ५४ च्या खाली आकडा असताना तुम्हाला स्वतःला काही जाणवते का, की पत्नीने हलवून उठवल्यावरच कळते? याचे उत्तर पत्नीला विचारा. रुग्णाचे स्वतःचे उत्तर या बाबतीत फारसे भरवशाचे नसते.

अचूकतेबाबत फारसा विचार करण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील आकड्यापासून सेन्सरचा आकडा सरासरी किती टक्के हटतो हे मोजतात. वर्षभराच्या एव्हरसेन्सचे ते प्रमाण ८.८ टक्के आहे, नेहमीच्या सेन्सरांपैकी डेक्सकॉम जी७ चे प्रौढांच्या दंडावर ८.२, आणि लिब्रे ३ चे ७.९. प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळ्या लोकांवर आणि वेगळ्या पद्धतीने झालेली असल्यामुळे एवढ्याशा फरकावरून एकाला उजवे ठरवू नये. इन्सुलिनचे युनिट ठरवण्यासाठी तिन्ही पुरेसे आहेत.

सेन्सर बसवणे हे काम छोटे असले तरी ती शस्त्रक्रियाच आहे, आणि ती कशी होते हे आधी माहीत असावे. तुम्ही झोपता आणि हात कोपरात वाकवून पोटावर ठेवता. दंडाच्या बाहेरच्या, मागच्या बाजूला जागा आखतो, ती निर्जंतुक करतो आणि जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची सुई देतो. सबंध प्रक्रियेत दुखते ते एवढेच. मग अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी मोठी चीर घेऊन बोथट हत्याराने त्वचेखालच्या चरबीत एक अरुंद कप्पा करतो आणि सेन्सर त्यात सरकवतो. टाका घालावा लागत नाही. कागदी पट्ट्यांनी चीर बंद होते आणि वर पारदर्शक ड्रेसिंग लागते. हाताखालून पुष्कळ रुग्ण गेलेल्या डॉक्टरला किंवा नर्स प्रॅक्टिशनरला दहा मिनिटे पुरतात. दोन दिवस ती जागा भिजवायची नाही, आणि काही दिवस जड उचलायचे नाही.

काढणे हे बसवण्याइतके सरळ असतेच असे नाही. जाहिरातीत यावर फारसा भर नसतो, म्हणून मी तो इथे देते. सेन्सर त्वचेखाली तीन ते पाच मिलिमीटरवर असेल, तर तो बोटाला लागतो, त्याच्या टोकाशी छोटी चीर दिली की चिमट्याने बाहेर येतो. पण तो खोल गेला असेल, किंवा मधल्या काळात रुग्णाचे वजन वाढले असेल, तर तो बोटाला सापडत नाही. मी सुरुवातीच्या काळात केलेल्या काढण्यांपैकी एक माझ्या चांगली लक्षात आहे. सेन्सर दुसऱ्या क्लिनिकमध्ये बसवलेला होता आणि खोल होता. चाळीस मिनिटे मी त्या दंडात शोधत राहिले, भूल दोनदा द्यावी लागली, आणि शेवटी मी हात थांबवला, चीर बंद केली आणि रुग्णाची माफी मागितली. दहा दिवसांनी सोनोग्राफीखाली जागा पक्की करून तो पाच मिनिटांत निघाला. आता सेन्सर बोटाला लागला नाही तर मी चीरच देत नाही. आधी सोनोग्राफी करून घेते.

असे किती वेळा होते? युरोपात सुमारे तीन हजार रुग्णांची नोंद ठेवून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पहिल्या प्रयत्नात सेन्सर न निघण्याचे प्रमाण ०.७६ टक्के, आणि जागेवर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण ०.९६ टक्के होते. दोन्ही शंभरात एकाहून कमी. परंतु ही टक्केवारी बसवणाऱ्याच्या हातावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून क्लिनिकमध्ये ‘किती सेन्सर बसवले?’ असे न विचारता ‘किती काढले?’ असे विचारा. आपल्या लोकांना मी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारते: लसीच्या जागी, कान टोचल्यावर किंवा जुन्या जखमेवर कधी उंचवट्यासारखा कठीण व्रण वाढला होता का? अशा व्रणाची, म्हणजे केलॉईडची, प्रवृत्ती सावळ्या त्वचेत अधिक आढळते, आणि दरवर्षी दंडाला नवी चीर घेणाऱ्याने ती लक्षात घेतली पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल तर तेही आधी सांगा.

खर्चाचा प्रश्न अमेरिकेत वस्तूच्या किमतीवर कमी आणि ते बिल विम्याच्या कोणत्या खात्यातून जाते त्यावर अधिक ठरतो. तुमचा सध्याचा सेन्सर बहुधा औषधांच्या दुकानातून, म्हणजे विम्याच्या फार्मसी भागातून येत असेल आणि त्यावर दरमहा ठरावीक को-पे, म्हणजे खिशातून भरायची रक्कम, पडत असेल. दंडात बसवायचा सेन्सर क्लिनिकमधून येतो. उपकरण आणि प्रक्रिया दोन्ही विम्याच्या वैद्यकीय भागात मोडतात. तिथे आधी डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम), मग टक्केवारीतला वाटा, आणि बहुतेक ठिकाणी पूर्वमंजुरी अशी वाट असते. त्यामुळे एकाच कार्यालयातल्या, एकाच विमा कंपनीच्या दोन माणसांना योजना वेगळी असली की हाच सेन्सर वेगवेगळ्या किमतीला पडतो.

हिशेब कसा करायचा ते एका कल्पित उदाहरणाने दाखवते. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, तुमच्या योजनेचे डिडक्टिबल ३,००० डॉलर आहे, त्यानंतर तुमचा वाटा २० टक्के आहे, आणि उपकरण व प्रक्रिया मिळून विमा कंपनीने मान्य केलेले बिल ६,००० डॉलर आहे. जानेवारीत, डिडक्टिबल कोरे असताना, तुम्ही आधी ३,००० आणि उरलेल्या तीन हजारांवर ६०० असे ३,६०० डॉलर भराल. तेच काम नोव्हेंबरमध्ये, डिडक्टिबल भरून झाल्यावर केले तर १,२०० डॉलर. त्या वर्षी दुसरी एखादी मोठी शस्त्रक्रिया होऊन वर्षभरात स्वतः भरायच्या रकमेची तुमची कमाल मर्यादाच गाठली गेली असेल, तर शून्य. याउलट फार्मसीतून दरमहा ५० डॉलर को-पे असेल, तर नेहमीचा सेन्सर वर्षाला ६०० डॉलरला पडतो, आणि बहुतेक उदाहरणांत त्याच्याहून स्वस्त पर्याय सापडत नाही. अर्थात ज्यांचे डिडक्टिबल दरवर्षी या ना त्या कारणाने भरतेच, त्यांना जानेवारी काय आणि नोव्हेंबर काय, एकूण खर्च सारखाच. फक्त पैसे एकरकमी जातात की विभागून, एवढाच फरक.

तुम्ही उच्च डिडक्टिबलची, आरोग्य बचत खाते जोडलेली योजना असल्याचे लिहिले आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे स्पष्ट केले की, मधुमेह असलेल्यांच्या ग्लुकोज सेन्सरचा खर्च अशा योजनांना डिडक्टिबल भरण्याआधीही उचलता येतो. योजनांना ही मुभा आहे, सक्ती नाही. तुमची योजना ती मुभा वापरते का, आणि वापरत असेल तर त्वचेखालच्या सेन्सरलाही लागू करते का, हे विमा कंपनीला फोनवर विचारू नका. लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेला होकार नंतर बिलाच्या भांडणात उपयोगी पडत नाही, हे मी रुग्णांच्या बाजूने त्या भांडणांत बसून शिकले आहे.

आणखी एक खर्च पुष्कळांच्या हिशेबातून निसटतो, तो काढण्याचा. सेन्सर एकदा आत गेला की वर्षाच्या शेवटी तो काढावा लागणार आणि त्याचेही बिल होणार. जुना काढून दुसऱ्या दंडात नवा बसवला तर दोन्ही मिळून एकच प्रक्रिया धरतात. पण पुढचा घ्यायचा नसेल, तर केवळ काढण्यासाठी भेट, भूल आणि चीर. मधल्या काळात नोकरी बदलली, विमा बदलला, आणि नव्या विम्याच्या यादीत बसवणारे क्लिनिक नसेल, तर काढायला दुसरे शोधावे लागते. कपातीचे वारे असलेल्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांना मी हे स्पष्ट सांगते. नेहमीच्या सेन्सरचा विमा गेला तर नवा सेन्सर लावत नाही, इतकेच होते. याचा विमा गेला तर वस्तू दंडातच असते.

वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या भाग बी मध्ये हा सेन्सर येतो. एप्रिल २०२३ पासून इन्सुलिन घेणारा कोणताही मधुमेही, मग तो दिवसातून एकदाच घेत असला तरी, ग्लुकोज सेन्सरला पात्र आहे. पूर्वी दिवसातून अनेकदा घेणे आवश्यक होते. तिथे डिडक्टिबल लहान असते, २० टक्के वाटा राहतो, आणि पूरक विमा असेल तर बऱ्याचदा तोही उरत नाही. तुम्हाला सात वर्षे आहेत, पण तोपर्यंत थांबायला सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही.

आता काही किरकोळ वाटणाऱ्या, पण वेळेला अडचण करणाऱ्या गोष्टी. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके घेत असताना हा सेन्सर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. डॉक्सिसायक्लिन हे त्यातलेच, आणि ते सायनसपासून गोचिडीच्या चाव्यापर्यंत कशालाही लिहून दिले जाते. शिरेतून मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉल दिले तर उलट आकडा चढा दिसतो. एमआरआय ठरावीक अटींवर करता येतो, ट्रान्समीटर मात्र काढून ठेवावा लागतो, आणि तंत्रज्ञाला दंडात काय आहे हे सांगावे लागते. पुढे इन्सुलिन पंपाकडे जाण्याचा विचार असेल, तर ऑम्निपॉड ५ सारखे प्रचलित पंप डेक्सकॉम आणि लिब्रेशी जोडतात, याच्याशी नाही. २०२५ पासून ट्विस्ट या नव्या पंपाशी त्याची जोडणी झाली आहे, तेव्हा हे दालन पूर्ण बंद नाही. पण निवड अगदीच थोडी आहे.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तुम्ही पाच-सहा आठवडे भारतात जाता, तेव्हा हा सेन्सर सोयीचा ठरेल: सामानात चार-पाच सेन्सर न्यायचे नाहीत, लोकलच्या गर्दीत खांद्याला धक्का लागून एखादा निघाला म्हणून दोन आठवड्यांचे पैसे बुडत नाहीत, आणि ऑक्टोबरच्या घामात पट्टी सुटली तर दुसरी लावता येते. पण त्या जागेला लाली आली, पू झाला किंवा सिग्नलच मिळेनासा झाला, तर तिथे हे उपकरण बसवण्या-काढण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर शोधत बसावे लागेल. म्हणून प्रवासाच्या आधी निदान दीड महिना तो बसवलेला असावा, आणि पट्ट्यांची दोन खोकी व चार्जर हातातल्या पिशवीत असावा.

एवढे सगळे ध्यानात घेऊन तुमच्यापुरते माझे मत देते. केवळ पैसे वाचतील म्हणून हा सेन्सर घेऊ नका. तुमच्या योजनेत ते वाचण्याची शक्यता मला कमी दिसते. दंडावरचे यंत्र जाईल या अपेक्षेनेही घेऊ नका. पण पुरळ आणि रात्रीचा न ऐकू येणारा भोंगा या दोन कारणांसाठी तुम्ही योग्य उमेदवार आहात, त्यातही शुगर उतरल्याचे तुम्हाला स्वतःला कळत नसेल तर अधिकच. क्रम असा ठेवा: पट्टीची चाचणी आधी, ती निभावली तर विम्याकडे लेखी चौकशी, आणि या वर्षी डिडक्टिबल भरत आलेले असेल तर वर्ष संपण्याआधीची तारीख, नाहीतर पुढच्या वर्षी ते भरेपर्यंत वाट. दरम्यान एक स्वस्त उपाय करून पाहा: सध्याच्या सेन्सरचा इशारा थरथरणाऱ्या मनगटी घड्याळावर घ्या आणि पट्टीखाली त्वचेला संरक्षण देणारा थर लावा. महिनाभरात दोन्ही तक्रारी पुरेशा कमी झाल्या, तर दंडाला चीर देण्याचे कारण उरत नाही, आणि हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असले तरी मी तेच सुचवीन. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे, महिन्याला ९९ डॉलरचे स्टेलोसारखे सेन्सर मात्र तुमच्यासाठी नाहीत. ते इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी आहेत आणि शुगर उतरल्याचा इशारा देत नाहीत.

वडिलांसाठी त्वचेखालच्या सेन्सरचा विचार सोडून द्या. अमेरिकेत बसवून घेऊन सांगलीला परतायचे, हा बेत पुष्कळ जण माझ्याकडे बोलून दाखवतात. पण वर्षअखेरीस तो काढायचा कुठे, आणि ८२ व्या वर्षी रोज ट्रान्समीटर उतरवून-चढवून चार्ज कोणी करायचा, या दोन प्रश्नांवर तो अडतो. भारतात दोन आठवडे चालणारा लिब्रे पद्धतीचा सेन्सर सुमारे पाच हजार रुपयांना मिळतो. वर्षभर सलग वापरला तर २६ सेन्सर, म्हणजे साधारण १,३०,००० रुपये, आणि तिथल्या बहुतेक आरोग्य विम्यांत असा बाह्यरुग्ण खर्च मिळत नाही. त्यांना सलग वापराची गरजही नाही. दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांकडे जाण्याच्या दोन आठवडे आधी एक सेन्सर लावला, तर वर्षाला वीस हजारांत काम भागते. मधल्या काळात ग्लुकोमीटर पुरे. ते ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी आणि रात्रीचे इन्सुलिन दोन्ही घेतात असे तुम्ही लिहिले आहे. या वयात या जोडीने शुगर चढण्यापेक्षा पहाटे ती नकळत उतरण्याची काळजी मला अधिक वाटते. पहिल्या सेन्सरच्या चौदा रात्रींत दोन ते पाचच्या दरम्यान आकडा ७० च्या खाली गेलेला दिसला, तर तिमाही भेटीची वाट न पाहता तो आलेख त्यांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा आणि रात्रीच्या इन्सुलिनचे व गोळीचे प्रमाण पुन्हा ठरवून घ्या.